शिस्तीचं श्रेय कुणाचं?

फिटनेसचं कुठलंही रील उघडा. पहाटे चारचा अलार्म, अंधारात बुटाची नाडी बांधणारे हात आणि पाठीमागे एक घोगरा आवाज. मोटिव्हेशन येतं-जातं, डिसिप्लिन टिकते, असं तो आवाज सांगतो. तुम्ही झोपलेले असता तेव्हा दुसरा कुणीतरी घाम गाळत असतो, सगळं शेवटी तुमच्याच हातात आहे, असंही सांगतो.

गंमत अशी की या रीलमध्ये व्यायामाबद्दलची माहिती जवळपास नसते. किती वजन उचलावं, गुडघा दुखत असेल तर काय करावं, यातलं काहीच नाही. त्यात एक नैतिक दावा असतो: जो उठला तो चांगला माणूस, जो उठला नाही तो जरा कमी दर्जाचा. शरीर हा फक्त पुरावा. सपाट पोट म्हणजे चारित्र्याचं प्रमाणपत्र आणि सुटलेलं पोट म्हणजे मनाच्या ढिलाईची जाहीर कबुली.

मी आठवड्यातून चार दिवस पहाटे रंकाळ्याच्या कडेनं धावते आणि दोन दिवस वजनं उचलते. मला ते आवडतं, सोडायचा विचार नाही. म्हणूनच हा दावा मला नीट तपासून पाहावासा वाटतो. शिस्त हा सद्गुण आहे का? असेल तर त्याचं श्रेय कुणाच्या खात्यावर जमा करायचं? आणि ज्याच्याकडे ती दिसत नाही, त्याला नावं ठेवायचा हक्क मला त्यातून मिळतो का?

दाव्यातलं खरं

आधी रीलच्या बाजूनं बोलू. शरीराला हालचाल लागते, हे आता वादापलीकडचं आहे. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरनं लंडनच्या दुमजली बसमधल्या नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून असायचे, कंडक्टर दिवसभर जिने चढायचे-उतरायचे. बस एकच, कंपनीही एकच. पण हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी होतं. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध दाखवणाऱ्या आधुनिक संशोधनाची ही सुरुवात मानली जाते.

पुढे मॉरिस यांनी एक प्रामाणिक गोष्ट केली. त्यांनी बसच्या नोकरांच्या गणवेशाची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींचा कंबरेचा घेर कंडक्टरांपेक्षा जास्त होता, आणि हा फरक नोकरीच्या सुरुवातीपासूनचा होता. म्हणजे जिन्यांनी शरीर घडवलं हे जितकं खरं, तितकंच कोण कुठल्या कामाला गेलं यानेही फरक पडला होता. हा गणवेशाचा मुद्दा लक्षात ठेवा. कुणाची तब्येत पाहून त्यामागचं कारण ताडणं किती अवघड आहे, ते त्यातून कळतं.

दुसरी खरी गोष्ट अशी की वारंवार केलेल्या कृतीतून स्वभाव घडतो. अ‍ॅरिस्टॉटलनं तेवीसशे वर्षांपूर्वी हेच मांडलं. धैर्य, संयम, न्याय हे गुण जन्मजात नसतात आणि नुसत्या व्याख्यानानेही येत नाहीत. घर बांधता बांधता गवंडी तयार होतो तसे ते करता करता अंगी येतात. आपल्याकडे गाण्यात याला रियाज म्हणतात, तालमीत मेहनत म्हणतात. शब्द वेगळे, समजूत तीच.

तिसरी गोष्ट माझ्या अनुभवातली. ठरवलेली गोष्ट रोज पार पडली की स्वतःच्या शब्दावर भरवसा बसायला लागतो. 'उद्या करीन' म्हटलं आणि उद्या खरंच केलं, एवढ्या साध्या गोष्टीनं माणूस स्वतःशी जरा बऱ्या नात्यानं वागू लागतो. हा आनंद खरा आहे.

संयम वेगळा, नेम वेगळा

रील जिथे चुकतं ती पहिली जागा म्हणजे शिस्तीचं चित्र. त्यात शिस्त म्हणजे युद्ध. एकीकडे गादी, दुसरीकडे बूट, मध्ये दात-ओठ खाणारा माणूस. जितका त्रास जास्त, तितकी शिस्त मोठी.

अ‍ॅरिस्टॉटलनं इथे एक बारीक भेद केला होता. एक माणूस असा की त्याला वाईट गोष्टीची तीव्र इच्छा होते, पण तो स्वतःला आवरतो. दुसरा असा की त्याची इच्छाच योग्य गोष्टीकडे वळलेली आहे, त्याला झगडावं लागत नाही. पहिला चांगलाच, पण अ‍ॅरिस्टॉटल वरचं स्थान दुसऱ्याला देतो. गुण पुरता मुरला की त्याचा आवाज होत नाही.

आजचं संशोधनही साधारण तिकडेच बोट दाखवतं. २०१२ साली जर्मनीत सुमारे दोनशे लोकांकडे आठवडाभर एकेक उपकरण देऊन दिवसातून अनेकदा विचारलं गेलं: आत्ता कशाची इच्छा होते आहे, ती अडवताय का? ज्यांचा स्वनियंत्रणाचा गुण जास्त होता, ते मोहाशी जास्त झुंजत असतील अशी आपली अपेक्षा. आढळलं उलटं. त्यांच्या दिवसात मोहाशी झगडण्याचे प्रसंगच कमी होते. त्यांचं आयुष्य मुळातच अशा पद्धतीनं लावलेलं होतं की लढाईची वेळ फारशी येऊ नये.

आपल्या भाषेत यासाठी एक जुना शब्द आहे: नेम. संकल्प आणि नेम यांत फरक आहे. संकल्प एक जानेवारीला सोडतात आणि त्याची घोषणा करतात. नेमाची घोषणा नसते. वारकऱ्याला 'यंदा वारीला जायची इच्छाशक्ती कुठून आणलीस?' असं कुणी विचारत नाही. वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा येणं आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणारी माणसं रोज सकाळी उठून स्वतःशी युद्ध करत नाहीत. दिंडीत जागा ठरलेली असते, मुक्काम ठरलेला असतो, शेजारी चालणारा माणूस ओळखीचा असतो, आणि पाय चालू लागतात.

गीतेतला अर्जुन मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण असल्याची तक्रार करतो, तेव्हा कृष्ण त्याला मन मारायला सांगत नाही. अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतो. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. आणि त्याच सहाव्या अध्यायात, अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही, असंही बजावतो. चार वाजताच्या अलार्मवाल्यांनी हा भाग सहसा वगळलेला असतो.

सवय किती दिवसांत लागते, याचा आकडाही असाच सोयीनं फिरतो. '२१ दिवस' हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' गळला, चेहरा गळला, आकडा उरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नव्या सवयींचा माग ठेवला, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. पण कुणाला १८ पुरले तर कुणासाठी हिशेब २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा व्यायामाच्या सवयीला जास्त वेळ लागला. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बाब: एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम झाला नाही.

एका खाड्यानं नेम मोडत नाही. अ‍ॅपवरची स्ट्रीक मोडते, पण ती अ‍ॅपची गरज असते, शरीराची नाही.

पाट कुणाच्या रानातून जातो

आता श्रेयाचा प्रश्न. शिस्त म्हणजे झुंज नसून बऱ्याच अंशी मांडामांड असेल, तर ती मांडामांड कोण करतं?

तुम्ही मार्शमेलोचा प्रयोग ऐकला असेल. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांसमोर खाऊ ठेवला: आत्ता एक घे, किंवा मी परत येईपर्यंत थांब आणि दोन घे. थांबलेली मुलं पुढे अभ्यासात सरस निघाली, अशी त्याची ख्याती झाली आणि हा प्रयोग म्हणजे आत्मसंयमाचा महिमा ठरला.

२०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हा संबंध पुन्हा तपासला गेला. तो निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती व मुलाची आधीची जडणघडण हिशेबात धरल्यावर आणखी बराच विरला. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात याहून बोलका प्रयोग झाला होता. तिथे खाऊ ठेवण्याआधी मुलांना चांगले रंगखडू आणि स्टिकर आणून देण्याचं वचन दिलं गेलं. निम्म्या मुलांच्या बाबतीत ते पाळलं, निम्म्यांच्या बाबतीत मोडलं. मग खाऊची परीक्षा झाली. वचन पाळलेलं पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. वचन मोडलेलं पाहिलेली मुलं सरासरी तीन मिनिटं.

या दुसऱ्या गटातल्या मुलांना संयम नव्हता असं म्हणायचं का? समोरचा माणूस शब्द पाळत नाही, हे त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. हातातला खाऊ खाऊन टाकणं, हा त्या परिस्थितीतला शहाणपणाच होता.

शिस्त म्हणजे उद्यावर लावलेला पैसा. उद्या येईल, तो कालसारखाच असेल, मी आज केलेलं मला फळेल, असा भरवसा असेल तरच कुणी तो लावतं. ज्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, ज्याच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, ज्याला पगार महिनाअखेर मिळेल की नाही ठाऊक नाही, त्याला 'सातत्य ठेव' सांगणं सोपं आहे. सातत्य ठेवायला आयुष्यात एखादी तरी गोष्ट जागच्या जागी राहावी लागते.

मला यासाठी शेतीची उपमा जवळची वाटते. कोल्हापूरच्या बागायतदाराचा ऊस आणि माण-खटावच्या जिरायतदाराची बाजरी शेजारी ठेवून पाहा. उसामागे बागायतदाराचे कष्ट आहेतच. पाट वाहतो म्हणून ऊस आपोआप उगवत नाही. पण त्यानं उठून जिरायतदाराला 'तुझ्यात कष्टाची वृत्ती नाही' म्हटलं तर सगळा तालुका हसेल. आरोग्याच्या बाबतीत मात्र आपण हे रोज म्हणतो आणि कुणी हसत नाही.

तालमीला ही गोष्ट चांगली ठाऊक होती. पैलवानासारखा शिस्तीचा माणूस शोधून सापडायचा नाही. पहाटेपासून जोर, बैठका, लाल मातीतली लढत, वेळेवर खुराक, वेळेवर झोप. पण 'हे माझं मी केलं' असं म्हणणारा पैलवान तालमीत टिकत नाही. त्याला उठवायला वस्ताद असतो. अंग रगडून द्यायला जोडीदार असतो. त्याच्या दूध-तूप-बदामाचा खर्च गावाकडे बाप म्हशीचं दूध विकून पाठवत असतो. या तालमींना शाहू महाराजांचा राजाश्रय होता. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे खाशाबा जाधव जातीचे मेहनती होते. पण त्यांना तिथवर पोहोचवायला लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. म्हणून त्या कांस्यपदकातला खाशाबांचा घाम कमी होत नाही. फक्त तो एकट्याचा नव्हता, एवढंच कळतं.

रीलमधला माणूस मात्र नेहमी एकटा असतो. कॅमेरा धरणाराही दिसत नाही.

घाम आणि घाम

मी धावते त्या रस्त्यावर माझ्या आधी महापालिकेच्या सफाई कामगार बायका आलेल्या असतात. मी साडेपाचला पोहोचते, तेव्हा त्यांची अर्धी लेन झाडून झालेली असते. दिवसाच्या पावलांचा हिशेब केला तर त्यांच्यापुढे माझी काही गणती नाही. पण त्यांच्या चालण्याला कुणी फिटनेस म्हणत नाही, आणि त्यांच्या रोज उठण्याला कुणी डिसिप्लिन म्हणत नाही. ते पोटासाठी असतं म्हणून.

यात नुसता शब्दांचा अन्याय नाही. शरीरही दोन घामांत फरक करतं. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात केलेल्या हालचालीनं हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी झालेला दिसला. पण कामावरच्या जड हालचालीसोबत तो वाढलेला दिसला. संशोधक याला शारीरिक हालचालीचा विरोधाभास म्हणतात. त्याची कारणं काय असावीत, यावर चर्चा चालू आहे; पण काही शक्यता आपल्यालाही सहज पटतील. व्यायाम आपण दमलो की थांबवतो, काम थांबवता येत नाही. व्यायामानंतर विश्रांती आणि पोषण असतं, कामानंतर घरचं काम असतं. व्यायामाचा वेग आपल्या हातात असतो, कामाचा मुकादमाच्या.

म्हणजे मला जे चाळीस मिनिटांत मिळतं ते घामामुळे मिळतं असं मी समजत असले, तर तो हिशेब अपुरा आहे. त्यात माझ्या मर्जीनं थांबता येण्याचा, परत आल्यावर बसून चहा पिण्याचाही वाटा आहे. थांबण्याची मोकळीक असलेल्याचाच घाम आरोग्य बनतो, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आईची संकष्टी

आता घरातलंच उदाहरण घेते, कारण त्याशिवाय हा प्रश्न मला पुरता मांडता येणार नाही.

माझ्या आईची संकष्टी माझ्या आठवणीत कधी चुकलेली नाही. त्यात दोन्ही एकादश्या, श्रावणातले सोमवार, हरतालिका, नवरात्र. संकष्टीला चंद्रोदय रात्री उशिरा असतो. तोवर ती सगळ्यांचा स्वयंपाक करते, भाजीत मीठ अंदाजानं घालते, चाखत नाही. मार्शमेलोचा प्रयोग करणाऱ्यांनी हिला एखाद्या संकष्टीला पाहायला हवं होतं. समोर भरलेलं ताट, वाढणारी स्वतः उपाशी, आणि चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही.

डॉक्टरांनी याच आईला गुडघ्यांसाठी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, आणि ते तिला महिनोन्महिने जमत नव्हतं. रीलच्या तर्कानं पाहिलं तर तिच्यात डिसिप्लिन नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं उपवास पाळले, तिला अर्धा तास चालायची इच्छाशक्ती नसेल, हे तुम्हाला पटतं का?

मला पटत नाही. तिला लहानपणापासून असं शिकवलं गेलं की नेम घरासाठी असेल तर ते पुण्य, आणि स्वतःसाठी असेल तर ती चैन. उपवास नवऱ्यासाठी, मुलांसाठी, घराच्या भल्यासाठी. चालणं फक्त तिच्या गुडघ्यासाठी. त्यामुळे कुणी पाहुणा आला, कुणाचा डबा लवकर हवा असला, पाणी उशिरा आलं, की पहिल्यांदा रद्द होणार ते चालणं. संयमाची कमतरता नव्हतीच. त्या संयमावर तिचा स्वतःचा हक्क नव्हता.

हे एकट्या तिचं नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या भारतीय बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. २०२४ साली लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. दिवसाला धड बावीस मिनिटंही होत नाहीत. २९९ मिनिटं काम करणाऱ्या बाईला स्वतःची बावीस मिनिटं सापडत नसतील, तर दोष तिच्या मनात शोधायचा की घराच्या वेळापत्रकात?

आणि माझी चाळीस मिनिटं? मी बाहेर असते तेव्हा घरी नळाचं पाणी कुणीतरी भरत असतं, दूध कुणीतरी तापवत असतं. मुलगा धावायला जातो तेव्हा हे कुणी विचारतच नाही. मुलगी जाते तेव्हा निदान विचारलं तरी जातं, आणि त्या विचारण्यातून मला एक गोष्ट दिसली: माझ्या प्रत्येक शिस्तबद्ध सकाळीमागे दुसऱ्या कुणाची तरी सकाळ असते.

मग सगळं नशीबच का?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. शिस्त जर परिस्थितीवर, घरावर, पाण्याच्या वेळेवर अवलंबून असेल, तर मग प्रयत्न कशाला करायचा? 'माझी परिस्थितीच तशी' हे वाक्य प्रत्येकाच्या हाती आयतं मिळेल. आणि खरोखर अवघड परिस्थितीतून वर आलेल्या माणसाच्या कष्टांचा हा अपमानच नाही का?

माझं उत्तर असं, की श्रेय आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाट माझ्या रानातून जातो याचं श्रेय मला नाही. पण पाट असून मी रान पडीक ठेवलं, तर ती जबाबदारी माझीच. मला वेळ आहे, सुरक्षित रस्ता आहे, धड पाय आहेत. मग मी शरीराची हेळसांड करणं हे मला मिळालेल्या गोष्टी वाया घालवणं आहे. स्वतःकडे पाहताना प्रश्न विचारायचा: जे हातात आहे त्याचं मी काय केलं? दुसऱ्याकडे पाहताना: त्याच्या हातात काय होतं? आपण नेमकी उलटापालट करतो. स्वतःसाठी परिस्थिती शोधतो आणि दुसऱ्यासाठी चारित्र्य.

आणि जो खडकाळ रानातून पीक काढतो त्याचा अपमान यात नाही. उलट, परिस्थिती मोजली तरच त्याचे कष्ट किती मोठे ते कळतं. सगळ्यांना एकाच सुरुवातीच्या रेषेवर उभं केलं की त्याचं वेगळेपणच पुसलं जातं.

आता मूळ प्रश्न: शिस्त हा सद्गुण आहे का? इमॅन्युएल कांटनं १७८५ साली नीतिशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच याचा निकाल लावला आहे. आत्मसंयम, थंड डोकं हे गुण चांगले दिसतात, पण ते खलनायकाकडे असले तर तो अधिकच घातक होतो. त्यामुळे शिस्त आपल्या बळावर चांगली ठरत नाही. ती कशाला जुंपली आहे, यावर ते ठरतं.

विसाव्या शतकानं हे दोन्ही बाजूंनी दाखवलं. नाझी जर्मनीनं तरुणांच्या कवायतींवर, पिळदार शरीरांवर अफाट भर दिला, आणि ती शरीरं कशासाठी वापरली ते जगानं पाहिलं. त्याच काळात आपल्याकडे औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी हे राजे रोज सूर्यनमस्कार घालायचे, शाळांतून मुलांकडून घालून घ्यायचे, त्यावर पुस्तक लिहायचे. याच राजानं १९३९ साली संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती देणारी राज्यघटना दिली. सूर्यनमस्कारांमुळे राज्यघटना आली असं मी म्हणणार नाही. तसा संबंध जोडणं म्हणजे पुन्हा शरीरावरून चारित्र्य वाचणंच झालं. एवढंच दिसतं, की कमावलेलं शरीर आणि ताब्यातलं मन घेऊन माणूस दुसऱ्यांना चिरडूही शकतो आणि दुसऱ्यांसाठी स्वतःची खुर्ची सोडूही शकतो. निवड त्या शिस्तीच्या बाहेर होते. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून सांगतात. ती लक्षात राहते ती पुढे त्यांनी त्या तब्येतीचं काय केलं, यामुळे.

माझ्यापुरते तीन नियम

या सगळ्यातून मी माझ्यापुरते तीन नियम काढले आहेत. ते तुम्हाला लागू पडतीलच असं नाही.

पहिला, खाड्याची भीती नाही. ताप असेल, घरी कुणी आजारी असेल, रात्री उशीर झाला असेल तर मी जात नाही आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट धावून त्याची भरपाईही करत नाही. नेमात परत येता येणं महत्त्वाचं.

दुसरा, माझ्या नेमाची किंमत कोण देतं, ते माहीत असलं पाहिजे. आमच्या घरात आता सकाळी पाणी भरण्याच्या पाळ्या आहेत, त्यात माझा भाऊही आहे. ज्या दिवशी आई चालायला जाते त्या दिवशी पाहुणा आला तरी चहा दुसरं कुणीतरी करतं. तिचं चालणं आता बऱ्यापैकी लागलं आहे. तिची इच्छाशक्ती अचानक वाढली नाही. तिच्या अर्ध्या तासाला घरानं संकष्टीइतकंच मानायला सुरुवात केली.

तिसरा नियम सर्वांत अवघड: न विचारता उपदेश नाही. ऑफिसात कुणी समोसा खात असेल तर मी कॅलरी सांगत नाही. कुणाचं वजन वाढलेलं दिसलं तर ते बोलून दाखवत नाही. त्या माणसाची शिफ्ट, औषधं, झोप, घरातली भांडणं, यातलं मला काहीच ठाऊक नसतं. मॉरिसना निदान गणवेशाची मापं तरी मिळाली होती. मला दिसतो फक्त बाहेरून एक माणूस. कुणी स्वतःहून 'मलाही यायचंय' म्हणालं तर मात्र मी जरूर विचारते, किती वाजता जमेल? आणि मग माझी वेळ थोडी पुढेमागे करून घेते. परवा शेजारची एकजण म्हणाली, मुलांचे डबे झाल्यावर सात वाजता जमेल. मला साडेपाचची सवय आहे, सातला ऊन चढतं. पण बुधवारी सातला जायचं ठरलंय.